अंदाज नको, आकडे द्या

जून उजाडला की प्रत्येक हापिसात दोन जमाती दिसू लागतात. पहिली जमात जुनी. "वेधशाळेने पाऊस सांगितलाय ना? मग छत्री घरीच ठेव" हा विनोद ह्यांना वडिलोपार्जित मिळालेला असतो, आणि दरवर्षी तो नवा असल्यासारखा सांगितला जातो. दुसरी जमात अलीकडची. ह्यांच्या मोबाइलवर हवामानाची किमान तीन ॲप्स असतात. विंडीवरचे रंगीबेरंगी वारे दाखवत हे लोक "युरोपियन मॉडेल आहे राव, साडेचारला बाणेरला कोसळणार" असं छातीठोकपणे सांगतात. साडेचारला लख्ख ऊन पडलं की निमूटपणे दुसरं ॲप उघडतात.

तर मंडळी, माझं भांडण ह्या दोन्ही जमातींशी आहे. उद्या पाऊस पडेल का ह्यावर आपण चहाचे तीन राउंड होईपर्यंत वाद घालतो. काल पाऊस नेमका किती पडला, कुठे पडला, तो कुणी आणि कशाने मोजला, हे मात्र कुणीच विचारत नाही. आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. आपल्याला अंदाजाचं वेड आहे आणि मोजमापाचा कंटाळा आहे. ह्याची किंमत आपण एसीत बसून देत नाही, ती दुसराच कुणीतरी देतो. ते पुढे येईलच.

आधी त्या वडिलोपार्जित विनोदाचा समाचार घेऊ. "तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता" हे वाक्य ऐकून आपण हसतो. ज्योतिष्याने "प्रवास संभवतो" म्हणावं तसलंच मोघम बोलणं वाटतं ते. पण ते मोघम नाहीये. हवामान खात्याच्या परिभाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के. त्याच्या वरची पायरी ५१ ते ७५ आणि शेवटची ७६ ते १००. 'मुसळधार' हाही अलंकार नव्हे: २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून तो सुरू होतो, ११५.६ पासून 'अति मुसळधार', आणि २०४.५ पासून सगळ्यात वरचा वर्ग. म्हणजे आपण ज्याला थापेबाजी समजतो त्या वाक्यात दोन आकडे दडलेले असतात. ते आपल्याला शाळेत कुणी सांगितले नाहीत आणि बातमी देणाऱ्यांनीही कधी सांगितले नाहीत.

आता नीट बघा. ती टक्केवारी कशाची आहे? केंद्रांची. म्हणजे पावसाचा अंदाज हा शेवटी पर्जन्यमापकांबद्दलचा दावा असतो. जिथे मापकच नाही तिथे अंदाज बरोबर आला की चुकला हे ठरवणार कसं? तिथे फक्त "आमच्याकडे तर टिपूसही नाही" आणि "अहो, आमच्याकडे तर रस्ता वाहून गेला" एवढंच उरतं.

ह्याचं सगळ्यात दणदणीत उदाहरण आपल्यातल्या पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलंय. २६ जुलै २००५. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. त्याच २४ तासांत कुलाब्याला ७३ मिमी. दोन्हींमध्ये अंतर वीसेक किलोमीटरचं. १ मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. म्हणजे ५० चौरस मीटरच्या साध्या गच्चीवर त्या दिवशी ४७ हजार लिटर पाणी पडलं, दहा हजार लिटरचे जवळजवळ पाच टँकर. आणि कुलाब्यात? पावसाळ्यातला एक बरा दिवस. समजा, मुंबईत तेव्हा फक्त कुलाब्याचाच मापक असता, तर इतिहासात काय लिहिलं गेलं असतं? "२६ जुलै, पाऊस ७३ मिमी." कलिना, मिलन सबवे, मिठी नदीकाठी जे झालं त्याला कारणच सापडलं नसतं.

त्या वेळी मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं. देशातलं पहिलं डॉप्लर रडार चेन्नईला २००२ मध्ये आलं होतं, कुलाब्याला ते २००५ नंतर काही वर्षांनी आलं, आणि वेरावलीचं दुसरं जानेवारी २०२२ मध्ये. महापालिकेनेही २००५ नंतर शहरभर स्वयंचलित केंद्रांचं जाळं उभारलं. म्हणजे मोजायला हवं हे शहाणपण आपल्याला आलं, पण शेकडो माणसं गेल्यावर आलं. आणि हे फक्त अंदाजापुरतं नाही. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ते ५० मिमी करा असं सांगितलं. हे तासाचे आकडे ठरवायचे कशावरून? वर्षानुवर्षं कुणीतरी तासातासाला पाऊस मोजत बसतो, त्यावरून. गटाराचा व्याससुद्धा शेवटी पर्जन्यमापकातूनच निघतो.

आता दुसऱ्या जमातीकडे वळू, कारण वाचणाऱ्यांपैकी बहुतेक तिथलेच असणार. (मीही. माझ्याही फोनवर तीन ॲप्स आहेत.) हवामानाच्या नकाशावर बाणेरवर निळा ठिपका दिसतो तेव्हा आपण नेमकं काय बघत असतो? बाणेरमध्ये कुणी काहीही मोजलेलं नसतं. ते एका जागतिक मॉडेलचं उत्तर असतं. मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडतं, युरोपियन केंद्राचं साधारण ९ किलोमीटरचं, आणि प्रत्येक चौकोनासाठी तापमान, दाब, वारा, बाष्प ह्यांची समीकरणं सोडवत पुढे जातं. ॲपवाला त्या चौकोनांमधल्या रंगांना छान गुळगुळीत करतो, त्यामुळे नकाशा गल्लीपर्यंत अचूक असल्याचा भास होतो. हे म्हणजे धूसर फोटो झूम करून नंबर प्लेट वाचण्यासारखं आहे. सिनेमात जमतं.

मॉडेल वाईट असतं असं मी अजिबात म्हणत नाही. उलट गेल्या शंभर वर्षांतली ही विज्ञानाची फार मोठी कमाई आहे. पण तिची सुरुवात कुठे झाली ते बघा. लुईस फ्राय रिचर्डसन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिकेवर काम करता करता, हाताने गणितं करून, पहिला आकडेमोडीचा हवामान अंदाज काढला. २० मे १९१० ह्या होऊन गेलेल्या दिवसाच्या नोंदी घेतल्या आणि पुढच्या सहा तासांचं उत्तर काढलं. उत्तर आलं: हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढणार! इतका फरक प्रचंड वादळातसुद्धा सहा तासांत पडत नाही. १९२२ मध्ये त्यांनी हे अपयश स्वतःच पुस्तकात छापलं. पुढच्या संशोधकांनी शोधून काढलं की त्यांची पद्धत मुळात ठीक होती. गडबड होती सुरुवातीच्या आकड्यांत: दाब आणि वाऱ्याच्या नोंदींचा एकमेकांशी नीट मेळ नव्हता. शंभर वर्षांनंतरही नियम तोच आहे. सुरुवातीची स्थिती चुकली की पुढची सगळी समीकरणं अगदी निष्ठेने चुकीचं उत्तर काढतात. आपल्या भाषेत, गार्बेज इन, गार्बेज आउट.

"अहो, पण आता एआय आलंय ना!" ही पुढची आरोळी. आलंय खरं. गूगल डीपमाइंडच्या ग्राफकास्टने २०२३ मध्ये भल्याभल्या मॉडेलांना मागे टाकलं. पण ते शिकलं कशावर? युरोपियन केंद्राच्या ईआरए-५ ह्या विद्यावर, म्हणजे जगभरच्या केंद्रांनी, फुग्यांनी, जहाजांनी, विमानांनी आणि उपग्रहांनी कित्येक दशकं केलेल्या नोंदी मॉडेलात घोटून काढलेल्या अर्कावर. (विदा म्हणजे डेटा. मराठी जालावर रुळलेला शब्द आहे, मला आवडतो.) कुणीतरी मोजलं म्हणून यंत्र शिकलं. जिथे मोजलंच नाही, तिथलं ते काय डोंबल शिकणार?

मग रडार? रडार तर बघतंच ना पाऊस? बघतं, पण मोजत नाही. रडार लहरी सोडतं, त्या थेंबांवर आपटून परत येतात, आणि परत आलेल्या लहरींच्या जोरावरून पाऊस किती असेल ह्याचं गणित मांडलं जातं. मार्शल आणि पामर ह्यांनी १९४८ मध्ये दिलेलं त्याचं सूत्र आजही शिकवलं जातं. पण थेंब लहान की मोठे ह्यावर ते सूत्र बदलतं, म्हणून जमिनीवरच्या मापकाशी ताडून बघावंच लागतं. शिवाय पृथ्वी गोल आहे. अर्ध्या अंशाने वर सोडलेली रडारची शलाका दीडशे किलोमीटर दूर जाते तेव्हा जमिनीपासून सुमारे अडीच किलोमीटर उंचीवर असते. मधे सह्याद्री आला तर आणखीनच आनंद. अमेरिकेत अशा रडारांचं जाळं १६० च्या आसपास आहे. आपल्याकडे २०२४ च्या सुमारास चाळीसएक होती. म्हणजे रडार हवंच, पण रडार आलं म्हणून मापक निवृत्त होत नाही.

आणि मापक म्हणजे काय हो? वीतभर तोंडाचं नरसाळं आणि खाली बाटली. त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण १०० ते २०० चौरस सेंटिमीटर. स्वयंचलित असेल तर आत छोटी पलटी खाणारी वाटी, ठरावीक पाऊस साठला की एकदा पलटते, यंत्र पलट्या मोजतं. नरसाळ्यात पान अडकलं, कोळ्याने जाळं केलं, पक्ष्याने कृपा केली, की त्या परिसराचा पाऊस कागदावर बंद. शेजारी भिंत किंवा झाड असेल तर ते त्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर असावं असा जागतिक दंडक आहे. फार साधी गोष्ट आहे. आणि साधी आहे म्हणूनच तिच्याकडे कुणी बघत नाही. महासंगणकाच्या उद्घाटनाला मंत्री येतात, नरसाळं साफ करायला कोण येणार?

आता ती किंमत कोण देतो ते सांगतो. महाराष्ट्रात अतिवृष्टीची मदत ठरवताना ठरलेला निकष आहे: महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमी किंवा जास्त पाऊस. हा पाऊस कुणाच्या शेतात मोजत नाहीत, मंडळाच्या केंद्रावर मोजतात. २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पात राज्यभर मंडळनिहाय दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रं उभी राहिली. ही चांगली गोष्ट आहे, त्याआधी परिस्थिती ह्याहून पातळ होती. पण भागाकार करून बघा. राज्याचं क्षेत्रफळ ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे एका केंद्राच्या वाट्याला सुमारे दीडशे चौरस किलोमीटर. २०० चौरस सेंटिमीटरचं तोंड धरलं, तर ते आपल्याहून साडेसातशे कोटी पट मोठ्या जमिनीच्या वतीने साक्ष देतं. चाळीस हजारांहून जास्त गावं, म्हणजे एका मापकामागे वीसेक गावं. आणि वळवाचा किंवा परतीचा ढग तर असा असतो की गावाच्या एका शिवारात चिखल आणि दुसऱ्या शिवारात धूळ!

केंद्रावर ६४ मिमी पडला आणि आठ किलोमीटरवरच्या शेतात शंभर, तर त्या शेतकऱ्याचं सोयाबीन कागदोपत्री अतिवृष्टीत सापडलेलंच नसतं. फळपिकांच्या हवामानावर आधारित विम्यात तर केंद्राचा आकडा हाच निकाल. आंबा, काजू, द्राक्ष, डाळिंब, कशाचंही असो, झाड बघायचं नाही, ठरलेल्या केंद्रावर तापमान आणि पाऊस किती नोंदला ते बघायचं.

ह्यात आपल्या धंद्याच्या माणसाला लगेच कळेल असा एक बगही आहे. आपल्याकडे दिवसाचा पाऊस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी ८.३० असा मोजायची पद्धत आहे. समजा, पहाटे साडेसहा ते सकाळी साडेदहा अशा चार तासांत ८० मिमी कोसळला. निम्मा साडेआठच्या आधी, निम्मा नंतर. रोजच्या तक्त्यात काय दिसेल? काल ४०, आज ४०. अतिवृष्टी झालीच नाही! शेत वाहून गेलं, पण दोन वेगवेगळ्या तारखांना वाहून गेलं. तुमच्या कुठल्याही मॉनिटरिंग डॅशबोर्डवर असली ठोकळेबाज विंडो लावलीत तर टीम लीड दुसऱ्या दिवशी परत पाठवेल, "सरकती विंडो लाव" म्हणून. केंद्रं स्वयंचलित आहेत, तासाचे आकडे उपलब्ध आहेत, म्हणजे हे करणं एका दुपारचं काम आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने 'सततचा पाऊस' हीसुद्धा आपत्ती मानायचा निर्णय घेतला. म्हणजे निकष बदलता येतात. मागणारा कुणी हवा.

शहरात राहून "हे सगळं गावाकडचं" असं समजू नका. २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रोडच्या एकता नगरीत लोक झोपेतून उठले ते पाण्यात. शिवाजीनगरच्या वेधशाळेत त्या २४ तासांत शंभराच्या वर पाऊस होता, ताम्हिणीत पाचशेच्या वर. शिवाजीनगरचा आकडा बघून कुणाला वाटलं असतं की पूर येणार? पाणी आलं खडकवासल्यातून, आणि धरणात आलं ते घाटातल्या पावसाचं. एकाच जिल्ह्यात ताम्हिणीही आहे आणि इंदापूरही आहे, आणि आपण मात्र "पुण्याला ऑरेंज की रेड?" एवढंच विचारतो. इशाऱ्यात घाटमाथा वेगळा दाखवू लागले हे उत्तमच. पण घाटात आत्ता, ह्या तासाला किती पडतोय, हे नदीकाठच्या माणसाच्या मोबाइलवर गेलं पाहिजे. त्याला रंग नको, आकडा हवा.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: "आकडे असे उघड केले तर गोंधळ होईल. चुकीचा आकडा पसरेल." ह्याचं उदाहरण तयारच आहे. २९ मे २०२४ ला दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश दाखवलं आणि देशभर बातमी झाली. दुसऱ्याच दिवशी नागपुरातल्या एका केंद्राने ५६ अंश दाखवून दिल्लीला मागे टाकलं! नंतर हवामान खात्याने सांगितलं की मुंगेशपूरचा सेन्सर ३ अंश जास्त दाखवत होता. नागपूरचाही सेन्सर बिघडलेला निघाला. मग आकडे उघड होते हे चुकलं का? अजिबात नाही. मुंगेशपूर संशयास्पद आहे हे कळलं कशावरून? त्याच दिवशी सफदरजंगला ४६.८ होतं, बाकीची केंद्रंही त्याच्या आगेमागे होती, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. उघड्या आकड्यांमुळे बिघडलेला सेन्सर तीन दिवसांत पकडला गेला. बंद कपाटात तो तीन वर्षं ३ अंश जास्त दाखवत बसला असता, आणि कुणाच्या तरी विम्याचा निकाल लावत राहिला असता.

दुसरा आक्षेप: "पैसे कुठून आणायचे?" सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'मिशन मौसम'साठी दोन वर्षांत दोन हजार कोटी रुपये मंजूर केले. त्याच महिन्यात पाषाणच्या आयआयटीएममध्ये 'अर्का' महासंगणक आला, आणि मे २०२५ मध्ये ६ किलोमीटरच्या चौकोनांचं स्वदेशी 'भारत फोरकास्ट सिस्टम' सुरू झालं. अभिमानाच्याच गोष्टी आहेत ह्या, उपरोधाने म्हणत नाहीये. पण ६ किलोमीटरचं मॉडेल खरं ठरलं की खोटं, हे तपासायला आपल्याकडे १२ किलोमीटरवर एक नरसाळं. टेस्ट केसेस न लिहिता फीचर वाढवत जायची ही सवय ओळखीची वाटते ना? जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या कृषी मंत्रालयाने 'विंड्स' नावाचा कार्यक्रम जाहीर केला, त्यात ग्रामपंचायतीपर्यंत पर्जन्यमापक न्यायची कल्पना आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायती आहेत सत्तावीस-अठ्ठावीस हजार. ते खरंच झालं तर चित्र पालटेल. पण लावले किती आणि चालू किती, ह्याचा हिशेब आपण मागितला तरच.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात कमकुवत वाटतो: "हवामान खातं काही सुधारणारं नाही." हे वस्तुस्थितीला धरून नाही. १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ मध्ये तिथेच 'फायलिन' आलं, तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवलं गेलं आणि मृतांची संख्या दोन आकड्यांत राहिली. खातं तेच. फरक कशाने पडला? उपग्रह, रडार, समुद्रातले तरंगते मापक वाढले, मॉडेल सुधारलं, राज्याची यंत्रणा सुधारली. आणि आणखी एक गोष्ट आहे जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: चक्रीवादळाचा मार्ग सांगताना आपण किती किलोमीटरने चुकलो हे खातं दरवर्षीच्या अहवालात स्वतः छापतं. चूक मोजली, छापली, आणि ती वर्षागणिक कमी होत गेली. मग माझ्या तालुक्याच्या पावसाच्या अंदाजाचं असंच प्रगतिपुस्तक का नको?

विदा द्यायच्या बाबतीत जग कुठे आहे तेही बघून घ्या. अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलचे आकडे कुणालाही फुकट मिळतात. युरोपियन केंद्राने ऑक्टोबर २०२५ पासून आपली ताज्या अंदाजांची सगळी यादी खुली केली. आपल्याकडे हवामान खात्याचा १९०१ पासूनचा रोजच्या पावसाचा पाव अंशाचा ग्रिड आज उतरवून घेता येतो, 'महारेन'वर मंडळनिहाय रोजचा पाऊस दिसतो, ह्याबद्दल मनापासून आभार. पण पाव अंश म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरचा चौकोन, आणि सांताक्रूझ-कुलाब्याची गोष्ट आपण आत्ताच वाचली. केंद्राकेंद्राचे तासाचे जुने आकडे हवे म्हटलं की मग अर्ज, ओळख, हमीपत्र, शुल्क. कुठे पीडीएफ, कुठे नकाशाचं चित्र, कुठे आज दिसतो पण काल गायब. सार्वजनिक पैशातून गोळा झालेला विदा यंत्राला वाचता येईल अशा रूपात खुला करावा, असं केंद्र सरकारचंच धोरण २०१२ पासून आहे. म्हणजे मी काही क्रांतीबिंती मागत नाहीये, त्यांचाच कागद त्यांना वाचून दाखवतोय.

तेव्हा मागण्या अशा:

१. सरकारी पैशाने किंवा सरकारी करारातून उभ्या असलेल्या प्रत्येक केंद्राचा तासाचा आकडा, जुन्या नोंदींसकट, साध्या फाइलीत खुला हवा.

२. आकड्याशेजारी केंद्राची कुंडली हवी: नेमकी जागा, जागेचा फोटो, शेवटची तपासणी कधी, किती दिवस बंद होतं. बंद केंद्रासमोर शून्य लिहू नका, 'बंद' लिहा. शून्य पाऊस आणि शून्य माहिती ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

३. जिल्हानिहाय इशाऱ्यांचं प्रगतिपुस्तक दरवर्षी छापा. किती इशारे खरे झाले, किती फुकट गेले, किती वेळा इशारा न देता कोसळला.

४. मदत आणि विम्याच्या निकषात सरकती २४ तासांची विंडो धरा.

आणि आपण काय करायचं? शनिवार-रविवारी कोड लिहिणारी मंडळी आपल्यात कमी नाहीत. सुंदर नकाशांची ॲप्स जगात भरपूर आहेत, आणखी एक लिहू नका. आपल्या गावाच्या मंडळाचे आकडे रोज उतरवून साठवणारी शंभर ओळींची स्क्रिप्ट लिहा. शेजारच्या केंद्रांशी न जुळणारा आकडा दिसला की तो जाहीरपणे दाखवा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, त्यात विचारा की अमुक मंडळाचं केंद्र गेल्या पावसाळ्यात किती दिवस बंद होतं. उत्तर आलं की ते त्या मंडळातल्या शेतकरी गटाला पाठवा, त्यांना ते पंचनाम्याच्या वेळी उपयोगी पडेल. ज्यांना कोड लिहायचा नाही त्यांनी सोसायटीच्या गच्चीवर, झाडाभिंतीपासून दूर, एक साधा पर्जन्यमापक ठेवावा आणि रोज सकाळी साडेआठला आकडा वहीत टिपावा. एका पावसाळ्यात ॲपची खरी किंमत कळते.

शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसवरून आपल्यातले कित्येक जण रोज सिग्नलला थांबतात. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून त्या इमारतीत आलं, म्हणून ते नाव. १८७५ मध्ये हे खातं सुरू झालं, आणि तेव्हापासून कुणी ना कुणी पावसात छत्री धरून नरसाळ्याखालची बाटली मोजत आलाय. त्या माणसावर विनोद करणं बंद करा आणि त्याने मोजलेला आकडा मागा. तो तुमचाच आहे.